दिवाळी उलटली की रेडिओ करकरतो? टोक स्टेशनाकडे नको, खरखरीकडे करा

एकेकाळी दरवर्षीचं ठरलेलं होतं, यंदा परत तेच. पाऊस गेला, खळं चोपून सारवून झालं, दिवाळी उलटून आठ-दहा दिवस होतायत तोच काकांचा फोन, "झिला, रेडिओ परत करकरूक लागलो रे." पहिला फोन आला त्याला पाच वर्षं झाली, आणि त्यातली पहिली दोन वर्षं मी त्यांना चक्क उलटा सल्ला देत होतो. आता शेजारच्या वाडीतले दोघं-तिघं पण तेच विचारायला लागलेत म्हणून एकदाच सगळं लिहून टाकतो.

आमचं घर देवगड तालुक्यात, खाडीच्या वरच्या अंगाला, सड्याच्या (वरच्या कातळाच्या माळाच्या) पोटाशी. काकांना संध्याकाळी मिडियम वेव्हवर आकाशवाणी रत्नागिरी लागतं, ११४३ किलोहर्ट्झवर, आणि मूड असला की मुंबईची अस्मिता, ५५८. मला वेगळीच खोड आहे, रात्री जेवणं झाली की पडवीत बसून काटा फिरवत लांबची स्टेशनं धरायची. म्हणजे आजार दोघांचा एकच पण माझा जास्त जुना.

लक्षण असं. दिवसभर रेडिओ ठणठणीत. सूर्य समुद्रात गेला की अर्ध्या तासात चर्र्र सुरू होतं, सातच्या सुमाराला बोलणारा माणूस त्या चर्र्रच्या मागे जातो, मग काका आवाज वाढवतात, मग काकू ओरडतात. सकाळी ऊन चढलं की परत सगळं स्वच्छ. आणि पावसाळ्यात हा प्रकार जवळजवळ नाहीच, विजा कडकडतात तेवढंच. हे पावसाळ्याचं नीट लक्षात ठेवा, पुढे त्यातच सगळी गोम आहे.

माझा पहिला सल्ला काय होता, तर "काका एरियल पूर्ण वर ओढा". त्यांनी ओढली. फरक शून्य. मग मी म्हटलं त्याला वायर बांधा, तर त्यांनी तांब्याची वायर बांधून थेट माडावर चढवली, माड पाडायला येतो त्या पाडेल्याकडून. तरी फरक शून्य, उलट वायरीचं उरलेलं वेटोळं रेडिओच्या मागे पडलं होतं त्याने खरखर थोडी वाढलीच. कारण साधं आहे आणि ते मला तेव्हा माहीत असायला हवं होतं. आपल्या नेहमीच्या ट्रान्झिस्टरमधली ती वर ओढायची दांडी एफएम आणि शॉर्टवेव्हसाठी असते, मिडियम वेव्हला तिचा बहुतेक सेटमध्ये काही संबंधच नसतो. मिडियम वेव्हची अँटेना पेटीच्या आत असते. मागचं झाकण उघडलंत तर दिसेल, बोटाएवढी नाहीतर पेन्सिलीएवढी काळी कांडी, त्यावर बारीक तारेचे वेढे आणि ते हलू नयेत म्हणून मेण टाकलेलं. ही फेराइट रॉड. बहुतेक सेटमध्ये ती पेटीच्या लांबीला समांतर, आडवी असते. म्हणजे अँटेना वळवायची तर अख्खा रेडिओच वळवायचा, दुसरं काही नाही.

आता मुख्य मुद्दा, आणि इथेच माझा दुसऱ्या वर्षीचा सल्ला पण चुकला. मी सांगितलं, "रत्नागिरी आपल्या उत्तरेला, तर रेडिओ तसा वळवून जिथे आवाज सगळ्यात मोठा येतो तिथे ठेवा." ऐकायला बरोबर वाटतं ना. पण कांडीचा स्वभाव असा की तिच्या आडव्या अंगाकडून येणारा सिग्नल ती जोरात घेते आणि दोन्ही टोकांकडून येणारा जवळजवळ घेतच नाही, वरून बघितलं तर इंग्रजी आठच्या आकड्यासारखा नकाशा. यातली जोराची बाजू इतकी पसरट असते की तुम्ही ३० अंश चुकलात तरी सिग्नल ८७ टक्के शिल्लक राहतो, ६० अंश चुकलात तरी निम्मा. वर रेडिओतली आपोआप आवाज सांभाळणारी यंत्रणा तो फरक पण झाकून टाकते, त्यामुळे "सगळ्यात मोठा आवाज कुठे" हे कानाला कळतच नाही, काका बिचारे पाच मिनिटं रेडिओ गोल फिरवत बसायचे. पण टोकाची बाजू? तिथे खड्डा आहे, आणि खड्डा अरुंद. टोकाच्या बरोबर रेषेत आलं की सिग्नल गायब, तिथून सहा अंश सरकलात की लगेच दहावा हिस्सा परत आला. म्हणजे ही कांडी हवं ते खेचायला मठ्ठ आहे आणि नको ते गाळायला भयंकर हुशार. म्हणून स्टेशनाला विसरा. खरखर कुठून येते ते शोधा आणि कांडीचं टोक तिकडे करा. स्टेशन ८७ चं ७० टक्के झालं तरी बोलणं कळतं, खरखर दहावा हिस्सा झाली तर घर शांत होतं.

करून बघायचं तर असं करा. रेडिओ लाकडी स्टुलावर ठेवा (लोखंडी कपाटावर किंवा फ्रिजवर नको, तिथे दिशा सगळी बिघडते), दोन स्टेशनांच्या मधल्या रिकाम्या जागी काटा आणा जिथे नुसती खरखरच ऐकू येते, आणि रेडिओ हळूहळू फिरवा, घड्याळाच्या मिनिटकाट्याच्या घाईने, त्याहून जास्त नाही. एका जागी खरखर अशी खाली बसते की वाटतं सेल उतरले. परत मागेपुढे करा, खड्ड्याचा मधोमध पकडा. पहिल्यांदा काकांनी तो पकडला तेव्हा त्यांनी रेडिओ बंद पडला म्हणून थापट मारली होती त्याला.

पण त्याआधी एक काम, नाहीतर उगाच गावभर फिराल. रेडिओ सेलवर लावा आणि घराचा मेन स्विच खाली पाडा. पूर्ण मेन, नुसती बटणं नाही. खरखर गेली तर चोर घरात आहे, मग एकेक वस्तू चालू करत पकडा. एलईडी बल्ब, मोबाइलचा चार्जर, टीव्हीचा सेटटॉप बॉक्स, इन्व्हर्टर, पंख्याचा इलेक्ट्रॉनिक रेग्युलेटर, हे नेहमीचे यशस्वी. आमच्याकडे निघाली देवघरातली एलईडी माळ जी दिवाळीला लावली आणि मग काकूंना आवडली म्हणून राहिली. ती काढल्यावर काय झालं, तर सोळा आण्यातली चार आणे खरखर गेली. बारा आणे तशीच. दोन कारणं एकावर एक बसलेली असतात ही या आजारातली खरी डोकेदुखी, एक सापडलं की माणूस खूश होतो आणि मग म्हणतो "छे, उपयोग नाही झाला" आणि माळ परत लावतो.

बाहेरची बारा आणे कशाची याचा सुगावा काकांनीच दिला होता आणि मी लक्ष दिलं नव्हतं. ते म्हणायचे, "लाइट गेली काय मगे बरो वाजता." म्हणजे नुसता आपला मेन पाडला तर खरखर राहते पण गावाची लाइट गेली की जाते. झालं की मग, लाइनीवरच काहीतरी आहे.

आवाजावरून पण बरंच कळतं, थोडा कान लावावा लागतो. आपल्या विजेची फ्रिक्वेन्सी ५० हर्ट्झ, ठिणगी दोन्ही अर्ध्या फेऱ्यांत पडते, म्हणून लाइनीवरची चर्र्र शंभराच्या ठेक्याने घुमते, भुंगा डबीत घातल्यासारखी. चार्जर आणि सोलरच्या कंट्रोलरचा आवाज किणकिणा, आणि काटा सरकवला की त्याची जात बदलते, डायलवर ठरावीक अंतराने परत परत भेटतो. आणि सेकंदाला एकदा टक... टक... टक... असं घड्याळ वाजत असेल तर ते कुणाच्या तरी बागेतलं झटका मशीन. गवे, रानडुकरं आणि माकडांपायी आता कलमांच्या बागांना हे सोलर कुंपण सर्रास झालंय. कुंपण नीट असेल तर फारसं ऐकू येत नाही, पण तारेला गवत नाहीतर काजूची फांदी टेकली की तिथे दर झटक्याला ठिणगी पडते आणि अर्ध्या वाडीचे रेडिओ टकटकतात. आमच्या खालच्या बागेत एकदा हेच होतं. मालकाला सांगितलं तर तो उलट खूश, कारण टेकलेली फांदी म्हणजे त्याचा झटका जमिनीत जात होता आणि डुकरं आरामात आत.

आता पावसाळ्याची गोम. समुद्रावरचा वारा खारट, आणि ते मीठ विजेच्या खांबावरच्या चिनीमातीच्या चिमण्यांवर (इन्सुलेटर हो, आमच्याकडे चिमणीच म्हणतात) थरावर थर बसतं. दुपारी कोरडं मीठ काही करत नाही. संध्याकाळी दमट हवा आली, दव पडायला लागलं की तेच मीठ ओलं होतं, वीज त्यावरून सरपटायला लागते, बारीक बारीक ठिणग्या, आणि प्रत्येक ठिणगी म्हणजे एक छोटा ट्रान्समीटर. सकाळी ऊन लागलं, वाळलं, थांबलं. आणि जूनचा पहिला मोठा पाऊस हे सगळं मीठ धुऊन नेतो म्हणून चार महिने रेडिओ स्वच्छ. पाऊस थांबल्यावर परत मीठ साठायला लागतं, दिवाळीनंतर फोन येतो. पंचांग आहे नुसतं!

याच्या उलट पण एक प्रकार असतो, गल्लत करू नका. खरखर कडक कोरड्या दुपारी जास्त आणि दव पडलं, पाऊस आला की थांबते, असं असेल तर मीठ नाही, कुठेतरी क्लॅम्प सैल आहे नाहीतर बांधणीची तार ढिली, वाऱ्याने हलते आणि फटीत ठिणगी पडते. वायरमनला सांगताना "ओलीत वाढते" की "कोरड्यात वाढते" एवढं सांगितलंत तरी त्याचं अर्धं काम होतं.

खांब शोधायची पद्धत. रात्री आठला मी आणि काका बाहेर खळ्यात आलो, घरात ही गोष्ट करायची नाही कारण भिंतीतलं वायरिंग तीच खरखर उचलून सगळीकडून परत पसरवतं, खड्डा धड सापडतच नाही, आणि आमच्या स्लॅबवर पावसासाठी पत्र्याची शेड आहे तिच्याखाली तर स्टेशनच अर्धं मरतं. खळ्यात खड्डा लगेच सापडला. कांडीचं एक टोक फणस आणि गोठा यांच्या मधून जात होतं, दुसरं टोक साहजिकच उलट बाजूला, समुद्राकडे. ही कांडी पुढचं मागचं ओळखत नाही, फक्त रेषा देते. समुद्रात खांब नाहीत म्हणून आम्ही फणसाची बाजू धरली पण नेहमी एवढं नशीब नसतं, म्हणून दुसरी रेषा घ्यायचीच. साठ-सत्तर पावलं चालून विहिरीपाशी गेलो, परत फिरवलं, तिथून टोक आलं पायवाटेच्या वळणावर. दोन रेषा मनातल्या मनात लांबवल्या तर त्या सड्याच्या कडेच्या खांबावर भेटत होत्या, जो नेमका समुद्राच्या वाऱ्यात उघडा उभा आहे. मोबाइलचा कंपास वापरणार असाल तर मोबाइल रेडिओपासून चार हात लांब धरा, रेडिओच्या स्पीकरमध्ये लोहचुंबक असतं ते कंपासला नाचवतं आणि मोबाइल स्वतः रेडिओत खरखर ओततो, दोघं एकमेकांचे वैरी. आम्ही कंपास वापरलाच नाही, काकांनी किल्ल्यावरच्या दीपगृहाचा उजेड धरून दिशा सांगितली, ती जास्त पक्की निघाली.

एक फसवणूक सांगून ठेवतो. खांबाखांबाने चालत गेलात तर खरखर एका खांबाला जोरात, पुढच्याला कमी, परत पुढे जोरात अशी येते, कारण ती तारेवरून वाहत जाते आणि वाटेत चढउतार घेते. म्हणून नुसत्या जोरावर जाऊ नका. डायलच्या ५३० च्या टोकाला खरखर लांबवर ऐकू येते, १६०० च्या टोकाला तेवढी लांब जात नाही. जसजसे जवळ जाल तसतसा काटा वर सरकवत न्या, १६०० ला सुद्धा जिथे भुंगा बसलेला सापडेल तो खांब. आमच्या त्या खांबाखाली उभं राहिलं तर रेडिओ बंद करून सुद्धा वर तळणीसारखं चुरचुरताना ऐकू येत होतं. आणि हे वाचून कुणी खांबाला काठी मारणार असेल, ताणाची तार हलवणार असेल, दगड मारून बघणार असेल तर कृपा करून नको. माणसं गेलीत अशाने. खांबाचा नंबर लिहून घ्या, तक्रार द्या. वायरमन आला, चिमणी बदलली, दोन महिने शांतता. मग मीठ साठून परत तोच खांब.

म्हणून कायमचा इलाज दिशेचाच. आमच्या नशिबाने तो सड्याचा खांब घराच्या पूर्वेला आणि रत्नागिरी जवळजवळ सरळ उत्तरेला, ७० एक किलोमीटरवर. कांडीचं टोक पूर्वेकडे केलं की खरखर खड्ड्यात आणि रत्नागिरी बरोबर आडव्या अंगावर, पूर्ण जोरात. मुंबई पण उत्तरेलाच. पणजी, १२८७, ते दक्षिणेला, पण कांडीला पुढचं मागचं नाही म्हणून तेही त्याच ठेवणीत मस्त. कोकणपट्टी उभी आहे याचा एवढा फायदा. सांगली १२५१ मात्र पूर्वेकडून येतं आणि खड्ड्याजवळ सापडतं, ते काका ऐकत नाहीत त्यामुळे प्रश्न मिटला.

जिथे दिशेने काम होत नाही ते पण सांगायला हवं. ११४३ वर हरियाणातल्या रोहतकचं पण केंद्र आहे. रात्री आयनोस्फिअरवरून (आकाशात उंचावर हवेचा विद्युतभारित पट्टा असतो तो) उडी मारून ते आपल्याकडे येतं आणि रत्नागिरीच्या पाठीमागे हिंदी बडबड ऐकू यायला लागते. देवगडहून रत्नागिरी उत्तरेला आणि रोहतक पण उत्तरेलाच, दोघांत वीस अंशांचा फरक, एकाला खड्ड्यात घातलं की दुसरंही घसरतं. दापोलीवाल्याला वाटेल आपण सुटलो, आपल्याला रत्नागिरी दक्षिणेला, पण परत तेच, कांडीला पुढचं मागचं कळत नाही. मजा आहे सांगलीवाल्याची. त्याला रत्नागिरी पश्चिमेला आणि रोहतक उत्तरेला, काटकोन! टोकं उत्तर-दक्षिण केली की रोहतक दबलं आणि रत्नागिरी पूर्ण. कोकणातलं स्टेशन घाटावर जास्त स्वच्छ वेगळं काढता येतं, काय बोलणार.

शिवाय रात्री आकाशातून येणारा सिग्नल खड्ड्यात धड बसत नाही. तो वरून तिरका उतरतो आणि वाटेत त्याची ठेवण बदलत राहते, त्यामुळे खड्डा उथळ होतो, सरकतो, दोन मिनिटांपूर्वी गेलेलं स्टेशन परत डोकं काढतं. तेव्हा रेडिओ फिरवण्याबरोबर थोडा तिरपा पण करून बघा, एक बाजू पुस्तकावर टेकवा, कधीकधी जमतं. खांबावरची खरखर मात्र जमिनीलगतच येते, ती रात्री पण खड्ड्यात नीट बसते. म्हणजे जो खड्डा रात्रभर एका जागी राहतो तो जवळचा चोर, जो सरकतो तो लांबचा पाहुणा.

मुंबई ५५८ दिवसा एकदम स्वच्छ आणि रात्री मधूनच घोगरी, पाण्यातून बोलल्यासारखी होते, ही तक्रार पण येते. त्यात रेडिओचा दोष नाही. दिवसा मुंबई समुद्राला चिकटून येते, खारं पाणी जमिनीपेक्षा शेकडो-हजारो पट चांगलं वाहक, म्हणूनच तर ३०० किलोमीटरवरून भर दुपारी लागते आणि पुणं ७९२ जवळ असून सह्याद्री ओलांडताना थकतं. रात्री मुंबईचाच दुसरा सिग्नल आकाशातून येतो आणि दोघं कधी एकत्र, कधी एकमेकांच्या विरुद्ध. दिशा बदलून थोडं सुधारतं, पूर्ण नाही. चहा प्या, दोन मिनिटांत परत येते.

आता किरकोळ पण वेळखाऊ गोष्टी भराभर. भाच्याने अमेरिकेतून आणलेला डिजिटल रेडिओ असेल तर तो १० किलोहर्ट्झच्या पायरीने चालतो, तिकडची पद्धत ती. आपल्याकडे १९७८ पासून पायरी ९ ची, त्यामुळे तो ११४० वर थांबतो, ११४३ वर नाही, आणि आवाज फाटका येतो. सेटिंगमध्ये ९ करा. सोपी खूण म्हणजे आपल्या कुठल्याही मिडियम वेव्ह स्टेशनाच्या आकड्यांची बेरीज करा, ९ च्या पटीत आलीच पाहिजे. ५५८ ची १८, ११४३ ची ९, ७९२ ची १८. काका आता नवीन स्टेशन सापडलं की आधी बेरीज करतात. मग ९१० च्या आसपास एक शिट्टी सगळ्याच स्वस्त सेटना असते, ती आतल्या ४५५ किलोहर्ट्झच्या दुप्पट, ती जन्मखूण समजा. आणि डायलवर एखाद्या जागी एकसारखं, न हलणारं, जाड फुसससं ऐकू आलं, आणि ते रेडिओ फिरवल्यावर स्टेशनासारखंच कमीजास्त होत असेल, तर ती खरखर नसून डीआरएम असू शकतं, आकाशवाणीचं डिजिटल प्रसारण, देशभरात ३५ च्या आसपास मिडियम वेव्ह ट्रान्समीटर तसे केलेत. साध्या रेडिओला ते समजत नाही. त्याच्यामागे खांब शोधत फिरू नका, मी फिरलोय. आणि सगळ्यात आधी, स्टेशन चालू आहे ना ते मोबाइलच्या ॲपवर बघून घ्या, हल्ली मिडियम वेव्हचे ट्रान्समीटर बरेच बंद झालेत, एका गृहस्थांनी तीन आठवडे रेडिओ फिरवला आणि स्टेशनच हवेत नव्हतं.

माझ्या लांबच्या नादाला पण हाच नियम लागतो. संध्याकाळी आयनोस्फिअरचा खालचा, दिवसा मिडियम वेव्ह गिळणारा डी थर विरला की आधी पूर्वेकडची स्टेशनं उठतात कारण तिकडे अंधार आधी झालेला असतो, आखाती देशांतली साधारण तासाभराने, मस्कतचा सूर्य आपल्यापेक्षा तेवढाच मागे. श्रीलंकेतलं पुत्तलमचं ८८२ घ्या, आपल्या आग्नेयेला. त्याच्या शेजारीच ८७३ वर जालंधर, ३०० किलोवॅट, सरळ उत्तरेला, आणि स्वस्त सेटमध्ये ते ८८२ वर सांडतं. मी पूर्वी लंका जोरात यावी म्हणून रेडिओ वळवायचो आणि जालंधर तितकंच जोरात यायचं. आता टोकं उत्तर-दक्षिण करतो. लंकेचा साधारण एकतृतीयांश जातो, पण जालंधर इतकं दबतं की तमिळ प्रार्थनेतला शब्द न् शब्द कानावर येतो, अर्थ कळत नाही ते सोडा.

कांडी अपुरी वाटली तर लूप करा, म्हणजे वायरीच्या फेऱ्यांची मोठी अँटेना. मी ६० सेंटीमीटरच्या चौकोनी लाकडी चौकटीवर साध्या वायरीचे १२ फेरे घातले, फेऱ्यांमध्ये अर्धा सेंटीमीटर जागा, आणि दोन टोकांना जुन्या व्हॉल्व्हच्या रेडिओतला ५०० पिकोफॅरडचा गँग कंडेन्सर (स्टेशन लावायला फिरवतात तो). बस. सेल नाही, वीज नाही, रेडिओला जोडायचं पण नाही, नुसता रेडिओ शेजारी ठेवायचा आणि गँग फिरवत जायचं, एका जागी स्टेशन एकदम फुगून वर येतं. इथे मात्र एक घोळ सगळ्यांचा होतो. लूपची कड स्टेशनाकडे हवी, तिचं सपाट तोंड नाही. खड्डा सपाट तोंडाच्या बाजूला. कांडीचं टोक आणि लूपचं तोंड एकाच दिशेला बघतील असा रेडिओ ठेवा म्हणजे दोघांचे खड्डे एकत्र येतात, नाहीतर एक गाळतो ते दुसरा आत घेतो.

काकांसाठी मी शेवटी पडवीतल्या बाकावर खडूने रेघ मारून दिली. रेडिओची लांब कड रेघेला लावायची, बाकी काही बघायचं नाही. तीन दिवाळ्या सुखात गेल्या. यंदा परत फोन. मी म्हटलं नवीन खांब गेला वाटतं, शनिवारी दोन रेडिओ, टॉर्च, वही घेऊन गेलो, विहिरीपर्यंत चालून आलो, रेषा तीच, जुनाच खांब. खळ्यात परत आलो तर काकू ओल्या फडक्याने बाक पुसत होत्या, म्हणाल्या दिवाळीच्या साफसफाईत घासूनपुसून लखलखीत केला होता, कसली तरी पांढरी रेघ होती ती पण निघाली. आता खिळ्याने ओढलीय.